थंड हवेचे प्राणी आणि सरकत्या सीमा : दाजीपूर–गगनबावडा पट्ट्यात नोंदी कशा ठेवायच्या?

सडा_निरीक्षक

नमस्कार मंडळी,

राधानगरी, दाजीपूर, गगनबावडा ते आंबोली या पट्ट्यात गारव्यावर आणि ओलीवर जगणाऱ्या प्राण्यांच्या उंचीनुसार नोंदी ठेवायला कोल्हापुरातला एक गट सुरुवात करतोय. इथं बर्फ नाही, हिमबिबट्या नाही, हे मान्य. पण घाटमाथ्याच्या धुक्यात राहणारा झुडूपबेडूक आणि हिमालयात दगडांच्या राशीत राहणारा पायका (सशाचा छोटा नातलग) यांची अडचण एकच आहे. खालून ऊब चढते आणि वर डोंगर संपतो. आपला डोंगर तर फारच लवकर संपतो. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास, घाटमाथाही बहुतेक ठिकाणी हजाराच्या आतबाहेर. राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरवर थांबतं.

जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. थंडीला जुळलेल्या जातीच्या वावराची सीमा नेमकी कशाने ठरते? ती सरकली हे ओळखायला नोंदीची ठाणी कुठे आणि किती ठेवायची? आणि आपल्या पावसात टिकतील अशी उपकरणं कोणती? धोरण, भाषणं, निषेध वगैरे दुसऱ्या धाग्यावर चालू आहेत, इथे कामाचंच बोलू.

घाटवाट

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो चुकला की ठाणी चुकतात.

ढोबळ हिशेब सगळ्यांना माहीत आहे: हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं. पावसाळी, दमट हवेत हा उतार कमी असतो, पाच अंशांच्या जवळपास. म्हणजे हवा एक अंशाने तापली तर तोच गारवा मिळवायला प्राण्याला दीडशे ते दोनशे मीटर वर जावं लागेल. प्रत्यक्षात प्राणी एवढे हलताना दिसत नाहीत. जगभरच्या नोंदी एकत्र करून २०११ साली जो हिशेब मांडला गेला त्यात सरासरी निघाली दर दशकाला ११ मीटर वर आणि सुमारे १७ किलोमीटर ध्रुवाकडे. ही सरासरी आहे. काही जाती जागच्या हलल्या नाहीत, काही खाली उतरल्या. सरासरी पाहून आपल्या डोंगराचं भाकीत करू नका.

दुसरं असं की वरची सीमा आणि खालची सीमा वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. वरच्या, थंड टोकाला बहुधा गारठा किंवा अन्नाचा तुटवडा अडवतो. खालच्या, उबदार टोकाला मात्र बऱ्याचदा ऊन थेट मारत नाही, शेजारी मारतो. ध्रुवीय कोल्हा हे याचं नेमकं उदाहरण. त्याला उन्हाळा सोसत नाही म्हणून तो दक्षिणेला नाही असं कोणाला वाटेल. अडचण लाल कोल्ह्याची आहे. लाल कोल्हा अंगाने मोठा, बिळं बळकावतो, पिल्लं मारतो, पण त्याला अन्न जास्त लागतं. त्यामुळे उजाड, गारठलेल्या टुंड्रात तो टिकत नव्हता. हवा उबदार झाली, माणसाचा कचरा आणि मेलेली जनावरं वाढली, की लाल कोल्हा उत्तरेला आणि डोंगरावर सरकतो आणि ध्रुवीय कोल्ह्याची खालची सीमा वर ढकलली जाते. म्हणूनच नॉर्वे-स्वीडनमध्ये नुसतं संरक्षण पुरलं नाही. लाल कोल्ह्यांची संख्या कमी करणं आणि ध्रुवीय कोल्ह्यांना जादा खाद्य देणं, दोन्ही करावं लागलं.

परजीवींचंही तेच. ईशान्य अमेरिकेत मूस नावाच्या मोठ्या हरणाला ऊब स्वतः फारशी मारत नाही. शरदात बर्फ उशिरा पडलं की गोचिडांना अंगावर चढायला जास्त दिवस मिळतात, एकेका वासरावर त्या हजारोंनी बसतात आणि रक्त गमावून वासरू वसंत उजाडताना मरतं.

तेव्हा निव्वळ तापमान मोजून सीमा कळणार नाही. खालून कोण चढतंय तेही त्याच वहीत आलं पाहिजे.

ओल_आणि_सावली

घाटवाट यांच्याशी सहमत, पण थेट उष्णतेने मरणारेही आहेत, आणि त्यांच्याकडून आपल्याला शिकायचंय ते म्हणजे आसऱ्याचं महत्त्व.

अमेरिकन पायकाच्या शरीराचं नेहमीचं तापमान ४० अंशांच्या आसपास असतं आणि त्याहून तीनेक अंश वाढलं की तो संपतो. इतकी अरुंद फट. दगडाखालचा आसरा न देता २५.५ अंशांच्या वरच्या हवेत काही तास ठेवलेले पायके मेले, हे १९७०च्या दशकातल्या प्रयोगातच दिसलं होतं. तरीही दुपारी तीस अंश होणाऱ्या उतारांवर पायके आहेत, कारण दगडांच्या राशीच्या पोटातली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार असते आणि ते दुपारी आत बसतात. त्याची किंमत मात्र असते. आत बसलेला पायका चरत नाही, हिवाळ्याचा चारा साठवत नाही. शिवाय हिवाळ्यात राशीवर बर्फाचं पांघरूण नसेल तर गारठा थेट आत शिरतो. म्हणजे हवा तापल्यामुळे बर्फ कमी आणि बर्फ कमी म्हणून प्राणी थंडीने मेला, असंही घडतं. आपल्याकडच्या हिमालयातल्या रॉइल्स पायकाचीही सगळी भिस्त अशाच दगडी फटींवर आहे.

आता हे सह्याद्रीत आणा. इथे बर्फाच्या जागी ओल आहे. दाजीपूर-आंबोलीचे बेडूक पाहा. इंडिराना गटातल्या बेडकांची पिल्लं डबक्यात पोहत नाहीत. पावसात जांभ्याच्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो, नखाएवढाही जाड नाही, त्यावर ही पिल्लं चिकटून शेवाळ खरवडत असतात. शेपूट लांब, मागचे पाय लवकर फुटलेले. हात जवळ नेला की टुणकन उडून पुन्हा ओल्या दगडावर चिकटतात. कातळ दोन-तीन दिवस कोरडा पडला की सगळी पिढी गेली. झुडूपबेडकांचं आणखी वेगळं. ते पानावर किंवा पाचोळ्यात अंडी घालतात, पिल्लू अंड्यातच पूर्ण बेडूक होऊन बाहेर येतं. त्यांना डबकं लागत नाही, पण हवा सलग दमट लागते. आंबोलीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा टोड, जो २००९ साली शास्त्राला नव्याने कळला, तो सड्यावरच्या उथळ खळग्यांत पहिल्या पावसाला अंडी घालतो.

म्हणून आपल्याकडचा कळीचा आकडा मे महिन्याचं कमाल तापमान हा नाही. पहिला जोरदार वळीव आणि मिरगाचा सलग पाऊस यांच्यात किती कोरडे दिवस गेले, हा आहे. वळवाने प्राण्याला हाक दिली, अंडी पडली, आणि पुढे दहा दिवस ऊन तापलं तर खळगे आटतात. दोन वर्षांचा एकूण पाऊस सारखा असला तरी एका वर्षी पिढी जगते आणि दुसऱ्या वर्षी नाही. पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवा, महिन्याची बेरीज उपयोगाची नाही.

करवीर_पाखरू

दोन मुद्दे जोडतो, दोन्ही भूगोलाचे.

एक. युरोप-अमेरिकेत "उत्तरेला सरका" हा मार्ग प्राण्याला असतो, कारण तिथे शे-दीडशे किलोमीटर उत्तरेला गेलं की तापमान अंशभराने घटतं. आपल्या अक्षांशात तसं नाही. आंबोलीहून महाबळेश्वराकडे गेलं तर गारवा अक्षांशामुळे नाही, उंचीमुळेच मिळतो. उत्तरेला पावसाळा आखूड होतो आणि कोरडे महिने वाढतात. ओलीवर जगणाऱ्या जातीसाठी उत्तर ही सुटकेची दिशा नाहीच. दक्षिणेतही सर्वांत उंच डोंगर म्हटले की थेट निलगिरी-अनैमलाई, आणि त्यांच्यामध्येही सुमारे ३० किलोमीटर रुंदीची पालघाटची खिंड आहे. शोला, म्हणजे उंच माथ्यांवरच्या खुरट्या सदाहरित जंगलातल्या शोलाकिळी पक्ष्यांच्या त्या खिंडीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या जाती झाल्या आहेत, इतका हा अडसर जुना आहे. निलगिरी ताहर या रानबकऱ्याला निदान २६९५ मीटरचं अनाईमुडी आहे. आपल्या माथ्यावरच्या जातींना तेवढंही नाही.

दोन. आपला माथा सपाट आहे. शंकूसारखा डोंगर असेल तर गार पट्टा वर सरकताना हळूहळू अरुंद होतो, वीस-तीस वर्षं इशारा मिळत राहतो. मसाई पठार, दाजीपूरचा माथा, आंबोलीचे सडे यांचं क्षेत्रफळ बहुतेक एकाच उंचीवर पसरलंय. सहन होण्याची मर्यादा कड्यावरून चढत पठाराच्या काठाशी पोहोचेपर्यंत वर सगळं ठीक दिसेल, आणि काठ ओलांडला की पूर्ण पठार एकदम हातचं जाईल. म्हणून पठारावर मधोमध उभं राहून मोजणी करू नका. मोजणी कड्याच्या उतारावर हवी, जिथे सीमा आज आहे.

सडा_निरीक्षक

पाखरू यांचा दुसरा मुद्दा आमच्या आराखड्यात नव्हता. आमची निम्म्याहून जास्त ठाणी पठारावर होती, कारण जायला सोपं. आता विचार असा: फोंडा घाट आणि करूळ घाट या दोन रेषा, कोकणच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत, दर १०० मीटर उंचीला एक ठाणं. तिसरी रेषा गगनबावड्यापासून पूर्वेला कोल्हापूरच्या दिशेने. ठीक वाटतं का? आणि एका ठाण्याला किती फेऱ्या?

घाटवाट

पूर्वेची रेषा सोडू नकाच, उलट तीच सगळ्यांत मोलाची. गगनबावडा ते कोल्हापूर रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटर, आणि तेवढ्यात वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वरून हजारच्या आसपास येतो. उंची फारशी बदलत नाही, ओल बदलते. म्हणजे तापमान आणि ओल वेगळी काढायला आयतीच रेषा मिळाली. त्या रेषेवरच्या देवराया घ्या. आजूबाजूला ऊस आणि माळ असताना राईच्या आत जी ओलीची जात टिकून आहे, ती तिच्या पूर्व सीमेवरची शेवटची वस्ती असण्याची शक्यता मोठी.

घाटाच्या रेषेवर दर १०० मीटर सरसकट नको. जिथे सीमा अपेक्षित आहे तिथे ठाणी दाट, बाकी विरळ. १५०, ३००, ४५० मीटरला एकेक पातळी पुरे. ५००च्या वर माथ्यापर्यंत दर ५० मीटरला एक. रेषा ९०० पर्यंत जात असेल तर ५०० धरून वरच्या ९ आणि खालच्या ३, अशा १२ पातळ्या. प्रत्येकीवर दोन जागा, एकमेकींपासून किमान २०० मीटरवर. घाटरस्त्याच्या कडेला ठाणं नको, किमान १०० मीटर आत, नाहीतर वाहनांचा आवाज आणि उघड्या कडेचं ऊन दोन्ही मोजाल.

फेऱ्यांचा हिशेब असा. समजा एखादा बेडूक जागेवर आहे, पण एका फेरीत त्याचा आवाज कानावर पडण्याची शक्यता ३० टक्केच आहे. तीन फेऱ्या केल्या तर तो एकदा तरी सापडण्याची शक्यता ६६ टक्के. सहा फेऱ्यांत ८८, नऊ फेऱ्यांत ९६. तीन फेऱ्या करून "इथे नाही" लिहिलंत तर तीनपैकी एक वेळ ते खोटं असेल, आणि तेच खोटं दहा वर्षांनी "सीमा सरकली" म्हणून छापून येईल. तेव्हा एका हंगामात सहा फेऱ्या हा किमान आकडा धरा, आणि प्रत्येक फेरीचं दिसलं-नाही दिसलं स्वतंत्र लिहा. सहा फेऱ्यांची गोळाबेरीज करून एक टिकमार्क केलीत तर शोधण्याची शक्यता नंतर काढताच येत नाही.

याचा धडा कॅलिफोर्नियातून घ्यायचा. जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी १९१४ ते १९२० दरम्यान योसेमिटीच्या डोंगरात लहान सस्तन प्राण्यांची मोजणी केली. कुठे किती सापळे किती रात्री लावले, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. जवळपास नव्वद वर्षांनी त्याच रेषेवर पुन्हा मोजणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष आले: २८ जातींपैकी साधारण निम्म्या सरासरी ५०० मीटरने वर सरकल्या होत्या, तर रात्रीचं किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढलं होतं. हे ठामपणे म्हणता आलं ते त्या रिकाम्या सापळ्यांच्या नोंदींमुळे. जुन्या संग्रहालयांतले नमुने या कामी लंगडे पडतात. चिठ्ठीवर "महाबळेश्वर" एवढंच असतं, ते माथ्यावरचं की पायथ्याचं कोण सांगणार?

थर्मामीटर

उपकरणांबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. पैसे आणि वर्षं दोन्ही इथेच वाया जातात.

आधी उंची. फोनवरच्या जीपीएसवर भरवसा ठेवू नका. दाट झाडीत आणि कड्याशेजारी उभी चूक १० ते ३० मीटर सहज येते. त्याहून घातक गोष्ट म्हणजे काही अॅप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता पृथ्वीच्या गणिती लंबवर्तुळापासूनची उंची दाखवतात. आपल्या भागात ती खऱ्या उंचीपेक्षा साधारण ६० ते ८० मीटर कमी येते. यंदा एकाच्या फोनने आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच्या फोनने नोंद झाली तर सगळ्या जाती ७० मीटर वर चढल्यासारख्या दिसतील. उपाय सोपा: फोनवरून फक्त अक्षांश-रेखांश घ्या, उंची उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या नकाशावरून काढा, किंवा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरच्या २० मीटर अंतराच्या समोच्च रेषांवरून. कोणती पद्धत वापरली ते प्रत्येक नोंदीत लिहा आणि मग ती बदलू नका.

आता तापमापक. नाण्याएवढे आयबटन लॉगर (ठरावीक वेळाने आपोआप नोंद ठेवणारे तापमापक) स्वस्तात पडतात. बारीक प्रतीचं वाचन, म्हणजे एका अंशाचा सोळावा भाग, ठेवलंत तर ज्या प्रकारात ४०९६ नोंदी मावतात त्यात दर अर्ध्या तासाला नोंद धरून ८५ दिवसांत जागा भरते. दर तासाला घेतली तर १७० दिवस. पावसाळाभर जंगलात शिरता येत नसेल तर दर तासालाच लावा. हे लॉगर पावसाच्या शिंतोड्यापुरते टिकतात, सतत भिजत ठेवायला नाहीत. कडेची शिवण रबरी लेपाने बंद करा, नाहीतर ऑगस्टपर्यंत पाणी शिरून गप्प होतात. पैसे असतील तर टॉमस्टचा जमिनीत खोचायचा लॉगर घ्या. तो मातीत ६ सेंटिमीटर खाली, जमिनीच्या २ सेंटिमीटर वर आणि १५ सेंटिमीटर वर अशी तीन तापमानं आणि मातीची ओल, सगळं दर १५ मिनिटांनी नोंदतो. बेडूक, पाली, गोगलगायी याच थरात राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दीड मीटरवरच्या हवेपेक्षा हे वाचन मोलाचं.

लावण्याआधी सगळे लॉगर एकत्र तपासा. चांगल्या पाण्याचा बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये भरा, बर्फ बुडेल इतकंच गार पाणी घाला, लॉगर पातळ पिशवीत घालून मधोमध सोडा आणि अर्धा तास ठेवा. सगळ्यांनी शून्य दाखवायला हवं. जो ०.४ दाखवतो त्याच्या क्रमांकापुढे ०.४ लिहून ठेवा आणि पुढे तेवढं वजा करा. लॉगर काढून आणल्यावर पुन्हा हीच चाचणी. दोन वेळचा फरक अर्ध्या अंशाहून जास्त निघाला तर त्या लॉगरची वर्षभराची नोंद बाजूला ठेवा.

ऊन थेट पडलं तर लॉगर हवेचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो, दहा अंशांनीसुद्धा जास्त. सावलीचा मनोरा घरी करता येतो: पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा खोलगट ताटल्या, उलट्या, एकीवर एक, मध्ये दीड-दोन सेंटिमीटर फट. सगळ्यांत वरची अखंड, खालच्यांना मध्यभागी भोक, लॉगर तिसऱ्या-चौथ्या ताटलीच्या पोकळीत. झाडाला खिळा ठोकू नका, पट्ट्याने बांधा, खोडाच्या उत्तर बाजूला. घाटात हे मनोरे बिघडतात ते मुंग्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या घरट्यांनी, माकडांनी ओढल्याने आणि गव्यांनी अंग घासल्याने. गव्यांच्या वाटेवर उभा खांब रोवू नका, तो राहत नाही.

शेवटचं, आर्द्रतेबद्दल. जून ते सप्टेंबर माथ्यावर आर्द्रतामापक सलग १०० दाखवत राहतो, आणि आठवडेच्या आठवडे दमटीत राहिल्यावर त्याचं वाचन १०० च्याही वर सरकतं. ती चार महिन्यांची माहिती कामाची नाही. आर्द्रता मोजायची ती नोव्हेंबर ते मे, आणि एकाच जागी दोन ठिकाणी: उघड्यावर आणि कातळाच्या फटीत हातभर आत. ओल_आणि_सावली यांनी पायकाबद्दल जे लिहिलं ते मोजायची हीच पद्धत. बाहेर आणि फटीत किती फरक राहतो, आणि एप्रिलच्या कोणत्या आठवड्यात तो मिटतो, हे कळलं की आसरा किती पुरतो ते कळेल.

ओल_आणि_सावली

थर्मामीटर यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. फटीत लॉगर ठेवताना एकच विनंती: दगड उलटून ठेवायचे नाहीत, फट आहे तशीच राहू द्या. दाजीपूर परिसरातून २००९ साली वर्णन झालेली निमास्पिस कोल्हापुरेन्सिस ही छोटी पाल, विंचू, बेडूक सगळे या आडोशावर आहेत. हललेला दगड पुन्हा तसाच बसत नाही आणि आतली ओल पहिल्याच उन्हाळ्यात जाते.

बुरशीचंही लिहून ठेवतो. बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी सह्याद्रीत नोंदली गेली आहे. तिला १७ ते २५ अंश सर्वांत मानवतं, म्हणजे नेमकं आपल्या माथ्याचं पावसाळी हवामान. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यावर जाताना बूट आणि काठी आधी घासून चिखल काढा, मग ७० टक्के अल्कोहोल किंवा १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लावून किमान एक मिनिट थांबा, मग वाळवा. चिखल तसाच ठेवून औषध मारलं तर काही उपयोग होत नाही. हायपोक्लोराइट ओढ्यात धुवायचं नाही. बेडूक हाताळायची या कामात गरजच नाही, आवाजावर नोंद करा.

राई_राखणदार

परवानगीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत लॉगर लावणं हेही संशोधन धरलं जातं, त्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. ते कार्यालय नागपूरला. अर्ज स्थानिक वन्यजीव विभागामार्फत करा. चांदोली-कोयनेकडे काम वाढवायचं असेल तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र संचालक कार्यालय कोल्हापुरातच आहे. अर्जासोबत ठाण्यांचा नकाशा, उपकरणांची यादी आणि ती परत कधी काढणार त्या तारखा जोडा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं, त्यामुळे बेडकांच्या फेऱ्यांसाठी वेगळा उल्लेख करून परवानगी घ्या. आणि वनरक्षकांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. देवराईत जायचं तर गावच्या पुजाऱ्यांना आणि पाटलांना आधी विचारायचं, ही रीत पाळाच. काही रायांत चप्पल घालून जात नाहीत, काहींत पडलेलं लाकूडही उचलत नाहीत. त्या रीतीनेच ती ओल राखली आहे.

करवीर_पाखरू

मला एका गोष्टीची काळजी वाटते. खालची सीमा सरकलेली दिसली की आपण सरळ हवामानाच्या खात्यावर लिहून मोकळे होऊ. पण याच पट्ट्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत, काजूसाठी उतार साफ होतात, दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल वणवे लागतात. वणव्याने पाचोळा जळला की जमिनीलगतची ओल जाते आणि बेडूक नाहीसा होतो. तापमान तेच, परिणाम हुबेहूब हवामानासारखा. हे वेगळं कसं काढणार?

घाटवाट

रास्त शंका आहे, आणि पूर्ण वेगळं निघणार नाही. पण दोन गोष्टी करता येतात. पहिली, जोडीची ठाणी. प्रत्येक पातळीवर दोन जागा आधीच ठरल्या आहेत. त्यांतली एक राखलेल्या झाडोऱ्यात, दुसरी जळणाऱ्या किंवा चराईच्या उतारावर, उंची तीच. दोन्हीकडून जात एकाच सुमाराला गेली तर संशय हवामानावर, फक्त दुसरीकडून गेली तर वणव्यावर. जळलेलं क्षेत्र दरवर्षी मेमध्ये उपग्रहाच्या चित्रावरून आखून ठेवा, ते फुकट मिळतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. माथ्यावरच्या जातीचं नाहीसं होणं सिद्ध करायला वर्षानुवर्षं फेऱ्या लागतात, पण खालच्या जातीचं वर येणं एका पक्क्या नोंदीत सिद्ध होतं. म्हणून कोकणच्या पायथ्याशी राहणाऱ्या चार-पाच जाती निवडा, ज्यांचा आवाज ओळखायला सोपा आहे आणि ज्या आज माथ्यावर नाहीत. त्यांची वरची सीमा दरवर्षी मोजा. ध्रुवीय कोल्ह्याच्या गोष्टीत लाल कोल्हा कुठवर पोहोचला हे आधी कळलं असतं, तशीच आगाऊ सूचना इथे मिळू शकते. वणव्याने उतार उघडा पडला म्हणून ती जात वर आली का, हे जोडीच्या ठाण्यांवरून तपासता येईल.

आणि एक-दोन वर्षांच्या नोंदींवर कल काढू नका. एल निनोचं वर्ष आणि त्याच्या पुढचं वर्ष यांच्यातला फरकच दशकभराच्या बदलापेक्षा मोठा असतो. पहिली पाच वर्षं ही पायाची वर्षं.

सडा_निरीक्षक

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: फोंडा घाटाची एक रेषा १२ पातळ्यांची, पूर्वेची एक रेषा देवराया धरून, करूळची रेषा पुढच्या वर्षी. पठाराच्या मधली ठाणी कमी करून काठावर नेली. जोडीची ठाणी घेतली. रात्रीच्या सहा फेऱ्या सगळ्या जागांवर माणसांकडून होणार नाहीत, म्हणून निम्म्या जागांवर ऑडिओमॉथ ध्वनिमुद्रक लावणार आहोत. त्याची मांडणी कोणी सांगेल का?

थर्मामीटर

बेडूक आणि पक्ष्यांसाठी ४८ किलोहर्ट्झ पुरे. त्या वेगाने मिनिटाला साधारण ५.८ मेगाबाइट लागतात. दर अर्ध्या तासातली ५ मिनिटं चोवीस तास मुद्रित केलीत तर दिवसाला सुमारे १.४ गिगाबाइट, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या कार्डावर दीड महिना. फक्त संध्याकाळी ६ ते सकाळी ६ ठेवलं तर कार्ड दुप्पट चालतं. जूनसाठी तेच करा, पण पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटं घ्या, कारण निम्मी मुद्रणं पावसाच्या आवाजात बुडतील आणि ती टाकून द्यावी लागतील. मुद्रक फांदीच्या किंवा कातळाच्या पोटाखाली बांधा. थेंब थेट डबीवर पडला की ढोल वाजल्यासारखं मुद्रण होतं आणि बारीक झुडूपबेडूक त्यात ऐकूच येत नाही. डबीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, दर फेरीला बदला. चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या तीन लागतात, तिन्ही एकाच वेळी नव्या घाला. जुन्या-नव्या मिसळल्या की मधेच बंद पडतो.

आणि घड्याळ. हा मुद्रक जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. वेळापत्रकात १९:०० लिहिलंत आणि प्रमाणवेळ बदलली नाहीत तर तो संध्याकाळी सातला नाही, मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो. तोवर झुडूपबेडकांचा भर ओसरलेला असतो, आणि कार्ड उघडल्यावर "या पातळीवर बेडूक नाहीत" असं दिसतं. साडेपाच तास वजा करून १३:३० लिहा, लावण्याआधी घरीच एक संध्याकाळ चालवून पहिल्या फाइलची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून घ्या, आणि मगच डबी बंद करा.